चारदारीचा तळ

३ मार्च, सोमवार

आता बॉनेट. आरसे गेले तेव्हा गप्प बसले, पुढचे दिवे गेले तेव्हा थोडंच बोलले, म्हणून आता बॉनेट. सकाळी शाळेच्या भटारखान्यात जायला निघाले तर माझ्या सायीच्या रंगाच्या गाडीला निळं बॉनेट. निळं म्हणजे जिथे गंज नाही तिथे निळं. काल दुपारभर मी चालत आईकडे गेले होते, तेवढ्यात याने काम उरकलं.

परत आत येऊन विचारलं, हे काय आहे? वेंडेल अंडी खात होता. म्हणाला, "खाली इंजिन तेच आहे ना? तुला चालवायला काय फरक पडतो?"

म्हटलं, "मग तुझी पँट काढून ऑगीची घाल. आत तूच आहेस ना?"

तर हसला. बायको भांडत असताना नवऱ्याने हसू नये असा एक कायदा पाहिजे ओहायोत.

सगळं लिहूनच काढते, नाहीतर उद्या भटारखान्यात कुणावर तरी निघेल. गेल्या शरदात वेंडेलने एक गाडी आणली. सत्तर सालची शेव्हेल, दोन दारांची. एका मेलेल्या शेतकऱ्याच्या गोठ्यात उभी होती, कोंबड्यांनी तिच्यात संसार केले होते. मसल कार म्हणतात असल्या गाडीला, म्हणजे पहिलवान. या पहिलवानाला आमच्या रस्त्यांवरच्या मिठाने पार खाल्लेलं. बोट लावलं की बोट आत. आता तिला जगवायची तर त्याच सालची दुसरी गाडी पाहिजे, जिचे पत्रे काढून हिला लावायचे. त्या दुसरीला हे लोक दाता म्हणतात. दाता! दात्याला कुणी विचारलं का?

दाता आणायला वेंडेल आणि त्याचा मित्र ऑगी ट्रेलर घेऊन पार न्यू मेक्सिकोला गेले, कारण तिकडे बर्फ नाही आणि मीठही नाही. नोव्हेंबरात ती आली. चार दारं. दार उघडलं की वाळू सांडायची. किल्ली फिरवली की लगेच चालू. गंजाचा ठिपका नाही. मी म्हटलं, ही तर धडधाकट आहे, हिलाच रंगवा आणि फिरवा की. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं जशी मी चर्चमध्ये ढेकर दिली.

"चारदारी कुणी जपत नसतं, नोरीन," ऑगी म्हणाला. "ती आजीबाईची गाडी. ती कापायलाच असते."

म्हणजे जिवंत बाई कापून मढं उठवायचं. कारण काय, तर मढ्याला दारं दोन.

जानेवारीत माझी व्हॅन बसली ती बसलीच. वेंडेल म्हणाला, "चारदारी चालव तोवर." तोवर म्हणजे कधीवर, हे तेव्हा विचारायला पाहिजे होतं. आता जिथला पत्रा काढतो तिथे दोनदारीचा सडका पत्रा लावून देतो, मला रस्त्यावर अडचण नको म्हणून. मन मोठं आहे त्याचं.

६ मार्च, गुरुवार

आईला हाडांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं. तिचा डावा गुडघा वाकत नाही, आणि आता वाकणारही नाही असं डॉक्टरने परत सांगितलं, जसं काही आम्ही विसरलो होतो. पुढच्या सीटवर ती मावत नाही. व्हॅनमध्ये चढवायला मी आणि शेजारचा असे दोघे लागायचो. शेवटी शेवटी ती यायलाच नाही म्हणायची. "लाकूड चढवल्यासारखी चढवता मला." सगळी थंडी घरात खुर्चीत काढायची.

चारदारीचं मागचं दार उघडलं की ती पाठमोरी टेकते, मागे सरकते, पाय सीटवर लांब करते — झालं. मी नुसती काठी धरते. जानेवारीपासून डॉक्टर चुकला नाही. चर्चला येते. केस कापायला येते. मागच्या आठवड्यात म्हणाली, नुसतं सरोवर बघून येऊ. गोठलेलं सरोवर, पांढरं आणि सपाट, त्यात बघायचं काय? तरी गेलो. काच खाली करून बसली आणि नाक लाल होईपर्यंत बघत राहिली.

आज बॉनेट बघून म्हणाली, "अगं, हे कुणाचं?"

"वेंडेलच्या गाडीचं."

"मग त्याचं डोकंही बदलून मिळतं का विचार."

७ मार्च, शुक्रवार

ईस्टरच्या आधीचे उपासाचे शुक्रवार सुरू झाले. चर्चच्या तळघरात तळलेले मासे आणि कोबीची कोशिंबीर. मी जेवून वर आले तर गाड्या लावतात तिथे सगळे पुरुष माझ्या गाडीभोवती. निम्मे गुडघ्यांवर, बर्फाच्या चिखलात, माना वाकड्या करून गाडीखाली बघतायत. कुणीतरी बॅटरी धरलेली. आत देवासमोर हे लोक एवढे गुडघे टेकते तर फादर रडला असता.

"काय तळ आहे!" एकजण म्हणाला. "कारखान्यातून आल्यासारखा."

इथे सगळ्यांच्या गाड्यांचा तळ मिठाने चाळणी झालेला असतो. धड पत्रा म्हणजे यांना नवी नवरी. वेंडेल मधोमध उभा, जसा पत्रा त्यानेच जन्माला घातला.

ऑगी उठला, गुडघे झटकले, डोळ्यांत पाणी बिणी. "नोरीन, असला सुंदर तळ मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही."

आमच्या लग्नात माझ्याबद्दल कुणी असं बोललं नव्हतं.

११ मार्च, मंगळवार

डिकीचं झाकण गेलं. बदली झाकणाला माझी मूठ जाईल एवढं भोक आहे. बाजारातून आणलेलं पीठ भिजलं. रागाने त्याच पिठाच्या पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, केल्या आणि त्याला वाढल्या. म्हणतो, आज छान झाल्यात.

१५ मार्च, शनिवार

आज दोन्ही पुढची मडगार्डं आणि बंपर. ऑगी सकाळीच आला डोनट घेऊन. संध्याकाळी गॅरेजमध्ये दोन गाड्या समोरासमोर. दोनदारी पुढून अशी चकाचक की ओळखू येईना, आणि माझी पुढून अशी की भीक घालावी. मी बराच वेळ बघत राहिले. अशीच अदलाबदल चालू राहिली तर उन्हाळ्यात माझीच गाडी दोन दारांनिशी रस्त्यावर फिरेल आणि मी कोंबड्यांच्या गोठ्यातली चालवत असेन.

वेंडेलला हे बोलून दाखवलं. तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझ्या दारांना मी हातसुद्धा लावणार नाही."

क्षणभर बरं वाटलं.

"लांबीला कमी पडतात ती," म्हणाला.

१७ मार्च, सोमवार

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिते, इथे कोण बघतंय. कारखाना बंद झाला त्यानंतरचे दोन हिवाळे वेंडेल स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून असायचा. पेपर उलटा धरला तरी चाललं असतं. मी कामावरून आले की विचारायचा, "शाळेत काय होतं जेवायला?" मी सांगायचे. त्याचं दिवसातलं बोलणं तेवढंच.

आता गॅरेजमधून शीळ ऐकू येते. नखं काळी असतात. रात्री झोपतो. ऑगीशी फोनवर तावातावाने भांडतो, एका स्क्रूवरून. त्या कोंबड्यांच्या गाडीने त्याला टेबलावरून उठवलं, मला जमलं नव्हतं ते.

म्हणून दोनदारीवर माझा राग नाही. ती करू दे त्याने, सोन्याने मढवू दे. फक्त माझ्या गाडीतून नको.

२० मार्च, गुरुवार

आज हसावं की रडावं. हसले.

दुपारी आईला घेऊन डॉक्टरकडून आले, तिला गाडीतच बसवून ठेवलं, म्हटलं आतून तिच्यासाठी सूप घेते आणि मग घरी सोडते. तेवढ्यात गॅरेजमधून धडाम, आणि मग वेंडेलचा आवाज, बारीक — "नोरीन."

दोनदारीत सीट नाही. हा दुधाच्या क्रेटवर बसून स्टिअरिंग धरून बघत होता. बहुतेक तोंडाने आवाजही काढत असणार, पण ते तो मेला तरी कबूल करायचा नाही. तळ गेला. क्रेट गेलं. वेंडेल कंबरेपर्यंत खाली आणि वर हात अजून स्टिअरिंगवर. पाय गॅरेजच्या जमिनीला टेकलेले. पांगुळगाड्यातलं बाळ दिसतं ना, तस्सा.

"पाठ," एवढंच म्हणाला.

ऑगीला फोन केला. दोघांनी ओढून काढला. उभा राहवेना. आता याला आडवा न्यायचा कशात? ऑगीच्या ट्रकमध्ये मागे उघड्यावर बर्फ. आई गाडीतून सगळं बघत होती. म्हणाली, "मी पुढे बसते कशीतरी. त्याला माझ्या जागेवर घाल." डावा पाय तिरका खुपसून, ओठ चावत बसली पुढे. मग मागची दोन्ही दारं उघडली, एका बाजूने ऑगीने लोटला, दुसऱ्या बाजूने मी ओढला. गेला आत गालिच्यासारखा.

मला वाटलं, उताणा पडलाय, विचार करत असेल. चारदारी नसती तर, वगैरे. अर्ध्या वाटेत मागून आवाज आला, "नोरीन, छताचं कापड बघ. एक डाग नाही."

आईने मान न वळवता सांगितलं, "छताला हात लावलास तर दुसरा पायही मी सरळ करून दाखवीन, आणि तो कुठे बसेल ते तूच बघ."

डॉक्टरने विचारलं, कसं लागलं? "गाडीतून पडलो." चालत्या? "नाही. उभ्या."

हाड मोडलं नाही. स्नायू. पट्टा बांधलाय, वाकायचं नाही. आईचा गुडघा मात्र संध्याकाळी भोपळ्याएवढा सुजला.

२२ मार्च, शनिवार

ठरलं म्हणे. ऑगी पत्रा कापायचं यंत्र घेऊन पुढच्या शनिवारी येणार. चारदारीचा तळ पुढपासून मागपर्यंत अखंड काढायचा आणि दोनदारीला बसवायचा. "आता बघितलंस ना, तळाशिवाय किती धोक्याची आहे," वेंडेल मला सांगतो! खुर्चीत ताठ बसून, पट्ट्यात, लष्करातल्या माणसासारखा.

"आणि माझ्या गाडीला तळाच्या जागी काय लावणार? तुझा सडका?"

"नाही, तळ गेला की..." म्हणाला आणि ऑगीकडे बघितलं. ऑगीने डोनटकडे.

"तळ गेला की काय?"

"तळ गेला की तिच्यात काही उरत नाही ना, नोरीन. मग भंगार."

"आणि आई कशात बसेल?"

"दोनदारी होऊ दे. हिच्यात बसव."

"पाय सरळ ठेवून? बॉनेटवर?"

"व्हॅन दुरुस्त करू."

"कधी?"

"ही झाली की."

मी म्हटलं, रस्त्यावरच्या जुन्या पाट्यांचा पत्रा घाला. माझ्या वडिलांनी आख्खी गाडी तशीच चालवली, पायाखाली 'थांबा' लिहिलेलं असायचं आणि ते कधी थांबले नाहीत. नवा तळही विकत मिळतो, मला माहीत आहे, मी ऑगीच्या मासिकात चित्र पाहिलंय. ऑगीचा चेहरा असा झाला जसं मी सूपमध्ये मोजा घातला. "अस्सल पाहिजे, नोरीन. त्या काळचा. अस्सल नसेल तर गाडीला अर्थ नाही."

मग मी विचारलं. बॉनेट माझं. मडगार्डं माझी. बंपर, दिवे, आरसे, झाकण माझं. इंजिन काढणार तेही माझं. आता तळ माझा. मग अस्सल काय राहिलं त्या गाडीत?

वेंडेल म्हणाला, "नंबराची पट्टी."

काचेच्या आत, कोपऱ्यात, अंगठ्याएवढी पत्र्याची पट्टी. तिच्यावर गाडीचा नंबर. ती सांगते की ही तीच गाडी. एवढ्या पट्टीसाठी चाललंय सगळं.

"मग ती पट्टी उपटून माझ्या गाडीला लावा. पाच मिनिटांचं काम."

दोघांचे चेहरे पांढरे. ऑगीने गॅरेजच्या दाराकडे बघितलं, कुणी ऐकलं का. "असं बोलू पण नकोस. गुन्हा आहे तो. तुरुंगात घालतात."

म्हणजे पट्टी इकडून तिकडे केली तर तुरुंग, आणि आख्खी गाडी इकडून तिकडे केली तर छंद. शाळा मी नववीत सोडली. बरं झालं सोडली. पुढे हेच शिकवत असणार.

२३ मार्च, रविवार

बोलले नाही त्याच्याशी. त्याच्या लक्षात आलं की नाही माहीत नाही.

२५ मार्च, मंगळवार

काल दिवसभर गाडी माझ्याकडे होती, म्हणजे आज पहाटे मी उठायच्या आधी ऑगीने येऊन केलं असणार. गाडीतला गालिचा काढून टाकला. खाली उघडा पत्रा, आणि पत्र्यावर पांढऱ्या खडूने रेषा. इथून कापायचं, इथे वळायचं, इथे सोडायचं. वेंडेलला वाकता येत नाही म्हणून खुर्ची दारात ओढून काठीने दाखवत बसला असेल.

त्याच रेषांवर पाय ठेवून शाळेत गेले. सिग्नलला थांबलं की खाली बघते. डावा पाय रेषेच्या आत, उजवा बाहेर.

भटारखान्यात माझ्याबरोबर काम करणाऱ्या ट्रेसाने विचारलं, तुला काय झालंय, बटाटे असे का आपटतेस? सांगितलं सगळं. ती म्हणाली, "मग आईला सांग, शनिवारनंतर घरात बसायचं." साध्या आवाजात. तिला टोमणा मारायचा नव्हता, म्हणूनच लागलं. आईला अजून सांगितलेलं नाही. ती पुढच्या आठवड्यात गुरुवारी डॉक्टरकडून येताना सरोवराकडून यायचं म्हणतेय. बर्फ फुटायला लागलाय, आवाज येतो म्हणे.

संध्याकाळी वेंडेलला शेवटचं म्हणून सांगितलं. ओरडले नाही. म्हटलं, तुला तळ पाहिजे, मला आईला बाहेर न्यायचंय, दोन्ही होईल असं काहीतरी कर. तो म्हणाला, "अगं, तू ती गाडी आपली समजून बसलीस. ती पहिल्या दिवसापासून दाता म्हणूनच आणली होती."

खरंच होतं. मीच लळा लावून घेतला. भांडी घासली आणि झोपले.

२६ मार्च, बुधवार

दुपारी फोन. वेंडेल ऑगीच्या ट्रकमधून पट्टा बदलायला दवाखान्यात गेलेला. म्हातारा आवाज, सावकाश, शब्दांमध्ये जागा सोडून बोलणारा. न्यू मेक्सिकोहून.

"मिसेस पेट्रास का? मी एलॉय बाका. गाडी माझ्या बायकोची होती. ती गेली, मग मला तिच्यात बसवेना. नंबर तुमच्या मिस्टरांनी दिला होता. म्हटलं हिवाळा संपला, विचारावं. तुमच्या आईचा गुडघा कसा आहे? डावा ना?"

मी म्हटलं, हो. डावा.

"मागच्या सीटवर पाय लांब होतो का त्यांचा? कापून सुटे भाग करणारे बरेच येऊन गेले हो माझ्याकडे. हाकलून दिले. तुमचे मिस्टर म्हणाले, सासूबाईंना व्हॅनमध्ये लाकडासारखं चढवावं लागतं, बायकोला एकटीला उचलत नाही, म्हणून चारच दारं पाहिजेत. तेव्हा मी दिली."

मी सांगितलं, पाय छान लांब होतो. मध्यंतरी सरोवर बघून आलो. म्हातारा एवढा खूश झाला की सरोवर केवढं आहे तेच विचारत बसला.

लाकडासारखं. आईचा शब्द. माझ्या तोंडून आलेला, या टेबलाशी, तो पेपर धरून बसायचा तेव्हा.

बावीस वर्षं समजत होते की मी बोलते ते याच्या कानात शिरत नाही. शिरतं. गुडघा कुठला तेसुद्धा. आता म्हाताऱ्यासमोर उभा होता तेव्हा खरं बोलत होता आणि वाटेत कुठेतरी ऑगीने त्याला फिरवला, की तिथेच खोटं बोलत होता, ते मला कळत नाही. फोन ठेवल्यापासून तेच चाललंय डोक्यात.

खडू गाडीतच पडलेला होता. खाली बसून रेषेला लागून लिहिलं, मोठ्या अक्षरात, पट्ट्यातल्या माणसाला न वाकता वाचता येईल असं. बाकांचा फोन आला होता. ही गाडी तू कुणासाठी आणलीस? शुक्रवारच्या संध्याकाळपर्यंत सांग. ऑगी नसताना.